रिपोर्ट नॉर्मल, मग गोळी कशाला? पायाच्या नसा आणि स्टॅटिनची गोष्ट

आजचा एपिसोड जरा घरगुती आहे, पण आहे इतिहासाचाच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे माझ्यासारखे हेडफोन घरी विसरून लोकल पकडतात, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय.

सुरुवात घाटकोपर स्टेशनबाहेरून करू. आम्ही मुलुंडला राहतो, आत्या घाटकोपर वेस्टला. रविवारी बाबा आणि मी तिच्याकडे जातो, स्टेशनपासून चालत. साधारण वर्षभरापूर्वी माझ्या लक्षात आलं की बाबा मोबाइल कव्हरच्या स्टॉलपाशी थांबतात. नीट निरखून कव्हरं बघतात. दोन-तीन मिनिटांनी निघतात. पुढे केळीवाल्यापाशी पुन्हा थांबतात. घेत काहीच नाहीत. मी आईला हसत म्हटलं, "बाबांना हे कव्हरांचं वेड कधीपासून लागलं?" बाबांच्या फोनला कव्हरच नाहीये.

नंतर कळलं की जर्मन भाषेत या आजाराला चक्क 'दुकानाच्या काचेचा आजार' अशा अर्थाचं नाव आहे. माणूस चालतो, पोटरी दुखायला लागते, लाज वाटते म्हणून दुकानाकडे बघत उभा राहतो. दुखणं थांबलं की पुढे निघतो.

बाबांचं दुखणं आधी 'वयाचं' ठरलं, मग 'कमरेच्या नसेचं'. एक्स-रे झाला, पट्टा आला, मलम आलं. सात महिने गेले. शेवटी एका डॉक्टरांनी बीपीचा पट्टा दंडाला लावला तसाच घोट्याच्या वरही लावला. दंडाच्या मानाने घोट्याचं प्रेशर किती, हा भागाकार. तो ०.९ किंवा त्याच्या खाली आला तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. बाबांचा आला ०.६. आजाराचं नाव पेरिफेरल आर्टरी डिसीज, म्हणजे पायांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून अरुंद होणं.

चिठ्ठीवर चार गोष्टी होत्या. सिगारेट आजपासून बंद. रोज चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी. आणि रात्री एक अ‍ॅटोरवास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी.

बाबांनी दोन महिन्यांनी ही शेवटची गोळी गुपचूप बंद केली. मला ड्रॉवरमध्ये न फोडलेल्या स्ट्रिपा सापडल्या तेव्हा कळलं. विचारलं तर त्यांनी रिपोर्ट समोर टाकला. "हे बघ. एलडीएल ९६. लॅबवाल्यानेच नॉर्मल लिहिलंय. दुखतोय पाय, कोलेस्टेरॉल नॉर्मल, मग गोळी कशाला? कंपन्यांची घरं भरायला?"

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बीटेक केलंय, एमबीबीएस नाही. पण प्रश्न बरोबर होता. म्हणून मी वाचायला बसलो, आणि बाबांच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला वैद्यकाला दीडशेहून जास्त वर्षं लागली होती हे कळलं. आजचा एपिसोड तेच उत्तर आहे.

घोडी, सैनिक आणि लंगडणं

गोष्ट सुरू होते १८३१ मध्ये, फ्रान्समध्ये, आणि पेशंट आहे एक घोडी. गाडी ओढणारी. थोडं अंतर नीट चालायची, मग मागच्या पायांनी लंगडायला लागायची, थांबली की बरी व्हायची. बूले नावाच्या पशुवैद्याने ती मेल्यावर तपासलं, तर मांडीच्या मुख्य धमन्या बंद झालेल्या. त्याने या प्रकाराला 'थांबून थांबून लंगडणं' म्हटलं. आजही डॉक्टर 'इंटरमिटंट क्लॉडिकेशन' म्हणतात ते हेच. लॅटिनमध्ये लंगडण्याला जो शब्द आहे, त्यावरून.

१८५८ मध्ये पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने हेच दुखणं माणसात दाखवलं. पेशंट होता एक जुना सैनिक, शरीरात बंदुकीची गोळी राहिलेला. पायाकडे जाणारी धमनी बंद झाली होती. बसला की ठीक, चालला की पाय आखडणार.

कारण सोपं आहे. बसलेल्या पोटरीला रक्त कमी लागतं, चालणाऱ्या पोटरीला कितीतरी पट जास्त. पाइप अरुंद असेल तर नळाला धार येते, पण सगळ्या मजल्यांचे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. मुंबईत राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

पण इथे एक चूक झाली, आणि ती पुढे शंभर वर्षं टिकली. पाय दुखतो म्हणून हा 'पायाचा आजार' मानला गेला. उपाय शोधायचे ते पायासाठी. बाबांची समजूतही तीच होती.

धमनीच्या भिंतीत काय साचतं?

दुसरा धागा कोलेस्टेरॉलचा. हे नाव आलं पित्ताशयातल्या खड्यांमधून. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या शेव्हरलने त्या खड्यांतल्या मेणचट पदार्थाला ग्रीक शब्दांवरून नाव दिलं, अर्थ साधारण 'घट्ट झालेलं पित्त'. पुढे १९१० मध्ये जर्मनीच्या विंडाउसने दाखवलं की आजारी महाधमनीत हा पदार्थ निरोगी धमनीपेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्हने सशांना तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत माणसासारखेच थर तयार झाले.

म्हणजे चित्र असं: धमनीच्या आतल्या अस्तरातून एलडीएलचे कण भिंतीत शिरतात. शरीराच्या पेशी ते गिळायला येतात, फुगतात, तिथेच मरतात. वर्षानुवर्षं थर वाढतो. सिगारेट, डायबेटिस, बीपी हे अस्तर खराब करून त्याला मदत करतात. थर वाढून वाट अरुंद करतो, पण खरा धोका वेगळाच. एखाद्या दिवशी थराचं टोपण फाटतं आणि त्यावर रक्ताची गुठळी होते. हृदयात झाली तर हार्ट अटॅक, मेंदूत झाली तर स्ट्रोक.

आता विचार करा. रक्त एकच, धमन्यांचं जाळं एकच, सिगारेटचा धूरही एकच. मग थर फक्त पायातच का साचेल? आमच्या कामात एक सर्व्हर स्लो झाल्याचा अलर्ट आला आणि आत बघितलं तर डिस्क सगळ्याच सर्व्हरची भरत आलीये, असं होतं. तो सर्व्हर फक्त सगळ्यात आधी ओरडला. बाबांचा पाय तसा आधी ओरडला होता.

अमेरिकेच्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. अशा अभ्यासांतून हळूहळू दिसत गेलं की पायाच्या धमन्यांचा त्रास असलेली माणसं बहुतेकदा पायामुळे नाही, तर हृदय आणि मेंदूच्या झटक्याने जातात.

चुकलेली औषधं

मग कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध बनवायचं, झालं? इतकं सोपं नव्हतं. १९६० मध्ये अमेरिकेत ट्रायपॅरानॉल नावाचं औषध बाजारात आलं. कोलेस्टेरॉल खाली यायचं, पण लोकांना मोतीबिंदू व्हायला लागले, केस गळायला लागले. कंपनीने प्राण्यांवरच्या चाचण्यांची माहिती लपवली होती हेही उघड झालं. १९६२ मध्ये औषध मागे घेतलं. मग क्लोफायब्रेट आलं. १९७८ मध्ये त्याच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले: कोलेस्टेरॉल कमी झालं, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू उलट जास्त.

हे मी मुद्दाम सांगतोय. 'कंपन्यांची घरं भरायला' हा बाबांचा संशय हवेतला नव्हता, त्याला इतिहास आहे. आणि याच चुकांमधून एक कडक नियम पक्का झाला: आकडा खाली आला एवढ्याने भागत नाही. माणसं कमी मरतात का, झटके कमी येतात का, ते मोजून दाखवा.

भातावरची बुरशी आणि अंडी देणाऱ्या कोंबड्या

आता जपानला जाऊ. अकिरा एंडो, जन्म १९३३, अकिता भागातल्या शेतकरी घरातला. लहानपणापासून बुरशीचं वेड. पेनिसिलिन बुरशीतून आलं हे वाचून भारावलेला. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये संशोधनासाठी राहिला, तिथे हृदयविकार किती पसरलाय ते डोळ्यांनी बघितलं.

१९७१ मध्ये टोकियोच्या सांक्यो कंपनीत त्याने एक पैज लावली. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, लिव्हर ते स्वतः बनवतं. बनवण्याच्या साखळीत एक एन्झाइम कळीचं आहे. एंडोचा विचार असा, की कुठल्यातरी बुरशीने शत्रूला मारायला हे एन्झाइम अडवणारं रसायन नक्की बनवलं असणार. दोन वर्षांत हजारो बुरश्या तपासल्या. हाती लागली ती क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची निळसर-हिरवी बुरशी, पेनिसिलियम सिट्रिनम. तिच्यातून मिळालेलं रसायन म्हणजे कॉम्पॅक्टिन, पहिलं स्टॅटिन.

त्याच काळात आमच्या मुलुंडमध्येही अशीच शोधाशोध चालू होती, हे मला या निमित्ताने कळलं. एलबीएस मार्गावर होएक्स्ट या जर्मन कंपनीचं संशोधन केंद्र सत्तरच्या दशकात उभं राहिलं. तिथे भारतातल्या वनस्पती आणि मातीतले जंतू तपासले जायचे. कोलियस नावाच्या झाडाच्या मुळातून तिथल्या लोकांनी फोर्सकोलिन शोधलं, रक्तवाहिन्या सैलावणारं रसायन. हे मूळ म्हणजे आमच्या गुजराती शेजाऱ्यांच्या बरणीतलं गरमरचं लोणचं! औषध म्हणून ते स्टॅटिनएवढं पुढे गेलं नाही, पण जगभरच्या प्रयोगशाळांत ते आजही वापरतात.

परत एंडोकडे. उंदरांना कॉम्पॅक्टिन दिलं. काहीच झालं नाही. प्रोजेक्ट बंद पडायची वेळ आली. मग एका बारमध्ये त्याची गाठ कितानो नावाच्या सहकाऱ्याशी पडली, ज्याच्याकडे प्रयोगासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. अंड्यात भरपूर कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार. १९७६ मध्ये कोंबड्यांना औषध दिलं आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं.

१९७८ मध्ये ओसाकाला एका अठरा वर्षांच्या मुलीला ते पहिल्यांदा देण्यात आलं. तिला जन्मजातच प्रचंड कोलेस्टेरॉलचा आजार होता. कोलेस्टेरॉल उतरलं, पण स्नायूंमध्ये अशक्तपणा आला, म्हणून डोस कमी करावा लागला. १९८० मध्ये कुत्र्यांवरच्या चाचणीत कॅन्सरची शंका आली आणि सांक्योने काम थांबवलं. तोवर अमेरिकेच्या मर्क कंपनीला दुसऱ्या एका बुरशीत तसंच रसायन सापडलं होतं, लोव्हास्टॅटिन. शंकेमुळे तेही थांबलं, पुन्हा तपासलं गेलं, आणि १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

मधल्या काळात ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी उलगडलं की लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडणारे हात असतात. लिव्हरला स्वतः कोलेस्टेरॉल बनवता आलं नाही, की ते जास्त हात काढतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. स्टॅटिन काम करतं ते असं. दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. एंडोला नोबेल मिळालं नाही. २००८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, आणि २०२४ मध्ये नव्वदीत तो गेला.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

आता कडक नियमाची परीक्षा. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरोग्यांच्या चाचणीचा निकाल आला. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना साधी खडूसारखी गोळी. पाचेक वर्षांत खोट्या गोळीवाल्यांत २५६ मृत्यू, खऱ्या गोळीवाल्यांत १८२. माणसं खरोखर वाचली. नंतर त्याच आकडेवारीत दिसलं की चालताना पाय दुखण्याचा त्रास नव्याने होणं किंवा वाढणंही औषधवाल्यांत कमी होतं.

पण या सगळ्यांचं कोलेस्टेरॉल मुळात वाढलेलं होतं. बाबा म्हणणार, "माझं कुठे वाढलंय?"

नेमका हाच प्रश्न ऑक्सफर्डच्या संशोधकांनी घेतला. ब्रिटनमधले २०,५३६ लोक. निवड कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर नाही, धोक्यावर: आधी हार्ट अटॅक आलेला, किंवा डायबेटिस, किंवा स्ट्रोक, किंवा पायाच्या धमन्या अरुंद. रोज ४० मिलीग्राम सिम्व्हास्टॅटिन किंवा खोटी गोळी, पाच वर्षं. निकाल २००२ मध्ये आला. फायदा सगळ्यांना साधारण सारख्याच प्रमाणात झाला. ज्यांचं एलडीएल जास्त त्यांना, आणि ज्यांचं शंभरच्या खाली होतं त्यांनाही. म्हणजे बाबांसारख्यांनाही.

या चाचणीत पायाच्या धमन्यांचा आजार असलेले ६,७४८ लोक होते. त्यांचा वेगळा हिशोब २००७ मध्ये छापून आला. हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा धमनी उघडण्याचं ऑपरेशन, यातलं काहीतरी खोट्या गोळीवाल्यांत ३२.७ टक्क्यांना झालं, खऱ्या गोळीवाल्यांत २६.४ टक्क्यांना. सोप्या भाषेत, असे हजार पेशंट पाच वर्षं गोळी घेत असतील तर त्यातल्या ६३ जणांचा मोठा झटका किंवा ऑपरेशन टळतं. आणि यातल्या कित्येकांना आधी हृदयाचा कसलाच त्रास नव्हता, फक्त पाय दुखत होते.

मग रिपोर्टवरचा 'नॉर्मल' म्हणजे काय? ज्याच्या धमन्या ठीक आहेत अशा माणसासाठी तो नॉर्मल आहे. ज्याच्या भिंतीत थर आधीच साचलाय, त्याच्यासाठी ९६ हा त्याच थराला रोज थोडी भर घालणारा आकडा आहे. २००५ पासून अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना हेच सांगतात: पायाच्या धमन्यांचा आजार असेल तर स्टॅटिन द्या.

आणि पाय? प्रामाणिक उत्तर: थोडाफार फरक. २००३ मध्ये आलेल्या ३५४ जणांच्या एका अभ्यासात वर्षभर अ‍ॅटोरवास्टॅटिन घेतल्यावर न दुखता चालण्याचा वेळ ६३ टक्क्यांनी वाढला. खोट्या गोळीवाल्यांतही तो ३८ टक्क्यांनी वाढला होता. जास्तीत जास्त किती चालता येतं, त्यात मात्र ठळक फरक नव्हता. पायासाठी खरं औषध म्हणजे चालणं, आणि सिगारेट सोडणं. गोळी पायाच्या मालकासाठी आहे.

मग आपलं गुग्गुळ?

हा प्रश्न आमच्या मजल्यावरच्या काकूंचा. "इंग्रजी गोळ्या कशाला, गुग्गुळ द्या की." मी आधी हसण्यावारी नेलं. पण गुग्गुळाचा इतिहास हसण्यासारखा नाही, तो गंभीर विज्ञानाचा आहे.

१९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी प्रबंध लिहिला. सुश्रुताने मेदोरोगाचं जे वर्णन केलंय, त्याचा त्यांनी धमन्यांत साचणाऱ्या चरबीशी धागा जोडला, आणि गुग्गुळाचा परिणाम सशांवर तपासला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्याचा अर्क तयार केला, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि ऐंशीच्या दशकात आपल्या मुंबईच्या सिप्लाने तो 'गुगुलिप' नावाने बाजारात आणला. ग्रंथापासून गोळीपर्यंतचा पूर्ण प्रवास, देशातल्या देशात.

पण मग तोच कडक नियम. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. खोटी गोळी घेणाऱ्यांचं एलडीएल ५ टक्क्यांनी उतरलं, आणि गुग्गुळवाल्यांचं ४ ते ५ टक्क्यांनी चढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. आधीच्या भारतीय चाचण्यांशी हे जुळत नव्हतं. झटके किंवा मृत्यू कमी होतात का, हे दाखवणारी स्टॅटिनसारखी मोठी चाचणी गुग्गुळाची झालेलीच नाही. काकूंना मी एवढंच म्हटलं, "काकू, गुग्गुळ वाईट म्हणत नाही, पण बाबांचा झटका टळेल असं कोणी मोजलेलं नाही."

गोळी केमिस्टपर्यंत स्वस्तात कशी आली

इथे भारताचा, आणि बऱ्यापैकी मुंबईचा, खरा वाटा येतो.

बाबांची अ‍ॅटोरवास्टॅटिन बुरशीतली नाही, ती पूर्णपणे कारखान्यात बनते. अमेरिकेतल्या ब्रूस रॉथने ती १९८५ मध्ये तयार केली, मंजुरी १९९६ च्या शेवटी मिळाली. पुढे ती जगातल्या सर्वाधिक खपाच्या औषधांपैकी एक ठरली. अमेरिकेत तिचं स्वस्त जेनेरिक रूप यायला नोव्हेंबर २०११ उजाडावं लागलं, कारण पेटंट.

भारतात ती त्याच्या कितीतरी आधीपासून बनत आणि विकली जात होती. चोरून नाही, कायद्याने. इंग्रजांच्या काळातला १९११ चा पेटंट कायदा औषधाच्या रेणूवरच मालकी द्यायचा. १९७० चा नवा कायदा एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने सांगितलं की औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. म्हणजे तुम्ही वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवला तर तुमचा. या एका तरतुदीने आपल्या केमिस्ट्रीवाल्यांना कामाला लावलं. माटुंग्याच्या यूडीसीटीसारख्या संस्थांतून शिकलेली पोरं, आणि कांदिवलीची इप्का, अंधेरीची ग्लेनमार्क, गोवंडीची यूएसव्ही अशा कंपन्या. लोकलच्या खिडकीतून बोर्ड दिसायचे, त्या आत काय चालतं याचा मी कधी विचारच केला नव्हता.

जानेवारी २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, जागतिक व्यापार कराराची अट म्हणून. पण तोवर स्टॅटिन भारतात घरोघरी पोचलं होतं. २०११ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत अ‍ॅटोरवास्टॅटिन आलं, आणि २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने तिच्यावर कमाल किंमत लागली. जनऔषधी दुकानात ती आणखी स्वस्त मिळते. आमच्या घरी महिन्याची स्टॅटिन ही बाबांच्या जुन्या सिगारेटच्या खर्चाच्या जवळपासही येत नाही. ही तुलना आईची आहे, माझी नाही.

मला यातली गंमत अशी वाटते: आपण शोधलेलं औषध कडक परीक्षेत टिकलं नाही, आणि परीक्षेत टिकलेलं औषध आपण शोधलं नव्हतं. पण ते टिकलेलं औषध घाटकोपरच्या माणसाला परवडेल असं करण्यात आपले लोक होते. दोन्ही गोष्टी अभिमान बाजूला ठेवून सांगता आल्या पाहिजेत.

दुसरी बाजू

स्टॅटिन म्हणजे अमृत नाही. २००१ मध्ये बायरला सेरिव्हास्टॅटिन हे औषध जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण त्यामुळे स्नायू विरघळून किडनी निकामी होण्याचे प्रकार घडले, माणसं दगावली. आज वापरात असलेल्या स्टॅटिनमध्ये हे फार क्वचित होतं, पण स्नायू दुखू शकतात, लिव्हरची तपासणी लागू शकते, साखर थोडी चढू शकते. म्हणून 'मित्राच्या बाबांना दिली' म्हणून स्वतः सुरू करायची नाही, आणि माझ्या बाबांसारखी गुपचूप बंदही करायची नाही.

बाबांचा शेवटचा बचाव हाच होता, "गोळीमुळेच पाय दुखतोय." डॉक्टरांनी विचारलं, "काका, बसल्यावर दुखतो का?" नाही. "चालल्यावर दुखतो, थांबल्यावर जातो?" हो. "मग हे गोळीचं नाही, नसेचं आहे. गोळीचं दुखणं उभं राहून कव्हरं बघितल्याने जात नाही."

कव्हरांचं त्यांना मीच सांगितलं होतं. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

शेवटी

हे सगळं मी बाबांना एका बैठकीत सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी, जेवताना. घोडीची गोष्ट त्यांना आवडली. कोंबड्यांची जास्त आवडली. ६३ चा आकडा ऐकून ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ९३७ जणांना काही फरक पडत नाही."

बरोबर आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना झटका तसाही आला नसता, आणि काहींना गोळी घेऊनही येतो. आपण कुठल्या गटात आहोत हे कोणालाच आधी कळत नाही. मी म्हटलं, "बाबा, त्या ६३ मध्ये तुम्ही असाल की नाही, मला माहीत नाही. पण रोजची एक गोळी आहे, परवडते, आणि मला तुम्ही हवे आहात." असं वाक्य आमच्या घरात कोणी बोलत नाही, त्यामुळे दोघंही लगेच टीव्हीकडे बघायला लागलो.

गोळी आता चहाच्या डब्याशेजारी असते, रात्री आई नाव घेऊन हाक मारते. सिगारेट सुटली, दोनदा परत सुरू होऊन. गेल्या रविवारी घाटकोपरला बाबा मोबाइल कव्हरच्या स्टॉलपाशी थांबले नाहीत. केळीवाल्यापाशी थांबले. डझनभर केळी घेतली आणि म्हणाले, "आता थांबलोच आहे तर."

मंडळी, एक काम करा. आज घरी गेलात की आई-बाबांना, काका-मावशीला विचारा, किती चालल्यावर थांबावं लागतं? पोटरी दुखते का, आणि थांबल्यावर जाते का? हो म्हणाले, तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना घोट्याचं प्रेशर बघायला सांगा. एपिसोड फॅमिली ग्रुपवर टाकला तरी चालेल, निदान एकदा गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी काहीतरी वेगळं जाईल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.